कड्यामागे गेले की ग्लायडर कोसळते : वजन आणखी कमी करावे का?

प्रश्न

नमस्कार. उतारावरच्या वाऱ्यात उडवण्यासाठी मी १५०० मिलिमीटर पंखविस्ताराचे, मोटर नसलेले रेडिओ-नियंत्रित ग्लायडर आराखड्यावरून स्वतः बांधले आहे. पंख बाल्साच्या फासळ्यांचा असून वर-खाली स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या आधारपट्ट्या) आहेत आणि त्यावर इस्त्रीने ताणून बसवलेली फिल्म आहे. पंखाची रुंदी टोकापर्यंत सारखीच, म्हणजे १८५ मिलिमीटर आहे आणि छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, क्लार्क-वाय आहे. एलेरॉनसाठी (पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावी-उजवीकडे कलवणारी पाती) दोन्ही पंखांत एकेक आणि एलेव्हेटरसाठी (शेपटीवरचे, नाक वर-खाली करणारे पाते) धडात एक, असे तीन सर्व्हो, म्हणजे ही पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आहेत. तयार विमानाचे वजन ७८० ग्रॅम भरले, म्हणजे पंखभार (पंखाच्या क्षेत्रफळामागे येणारे वजन) प्रति चौरस डेसिमीटर २८ ग्रॅमच्या आसपास आहे. हलके विमान चांगले तरंगेल या समजुतीने मी नाकातले शिसे आराखड्यापेक्षा ४० ग्रॅमने कमी ठेवले, त्यामुळे गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ५५ ऐवजी ७० मिलिमीटरवर आला.

आतापर्यंत दोनदा उडवून पाहिले. पहिल्या दिवशी वारा मंद होता आणि उताराच्या तोंडावर सरळ न येता एका बाजूने तिरका येत होता. विमान हातातून सुटले, थोडे तरंगले आणि हळूहळू कड्याच्या पातळीखाली जाऊन उताराच्या मध्यावर गवतात उतरले. नुकसान काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी वारा समोरून आणि जोरात होता. विमान फेकताक्षणी वर चढले आणि तीन-चार मिनिटे ते माझ्या डोक्याच्या बरेच वर होते. मात्र ते फारच उड्या मारत होते आणि एलेव्हेटरच्या जरा स्पर्शाने नाक वर-खाली होत होते. नंतर वळण घेताना ते कड्याकडे वळले, एकदम वेगाने माझ्या डोक्यावरून मागे गेले आणि सपाटीवर पोहोचताच कोणीतरी खाली ओढल्यासारखे जमिनीवर आदळले. नाक चेपले आणि पंख मधल्या जोडावर तुटला.

माझे प्रश्न असे आहेत. पहिल्या दिवशी विमान वर चढले नाही, म्हणून ते आणखी हलके करावे का? दुसऱ्या दिवशी ते मागे नेमके का कोसळले? पंखाचा छेद बदलावा का? आणि मुख्य म्हणजे, कड्याच्या पुढे उतार आणि मागे सपाटी अशा ठिकाणी विमान सुखरूप उतरवायचे कुठे?

प्रतिसाद १

नमस्कार. तुम्ही आकडे दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दोन्ही दिवशी विमानाचे वजन जास्त नव्हते. दोन्ही दिवशी विमान हवेच्या चुकीच्या भागात होते, आणि दुसऱ्या दिवशी तर ते असायला हवे होते त्यापेक्षा हलके होते.

आधी पहिला दिवस पाहू. ग्लायडर हवेच्या संदर्भात सतत खाली येतच असते. तुमच्या आकाराचे विमान शांत हवेत सेकंदाला साधारण अर्धा ते पाऊण मीटर उतरते. उतारावर आपटून वर वळणारी हवा त्यापेक्षा जास्त वेगाने वर जात असेल, तरच विमान चढते. ताशी २५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटरचा वारा २० अंशांच्या उतारावर सरळ आला, तर उताराला लागून असलेल्या हवेचा वर जाणारा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या पुढे जातो. हाच वारा ताशी १० किलोमीटरचा असेल, तर तो सेकंदाला एक मीटरही राहत नाही, आणि उतारापासून दूर गेल्यावर आणखी घटतो. त्यात वारा ४५ अंशांनी तिरका असेल, तर उताराच्या वाट्याला त्याचा सुमारे ७० टक्केच भाग येतो आणि उरलेला वारा डोंगराच्या कडेकडेने निघून जातो. अशा दिवशी ५० ग्रॅम वजन कमी करून फारसे काही हाती लागत नाही. उताराच्या तोंडावर सरळ येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहणे, किंवा वाऱ्याकडे तोंड असलेला दुसरा उतार शोधणे, हाच उपाय आहे.

दुसरा दिवस अधिक शिकवणारा आहे. कड्याला धार असेल आणि मागे सपाटी असेल, तर वर चढलेला वारा ती धार ओलांडताना जमिनीला चिकटून राहू शकत नाही. तो जमिनीपासून सुटतो आणि त्याच्याखाली एक लोळणारा भोवरा तयार होतो, ज्याला आपण रोटर म्हणतो. या भोवऱ्यात जमिनीलगतची हवा चक्क उलट दिशेने, म्हणजे कड्याकडे वाहते, आणि त्याच्या मागच्या भागात हवा खाली उतरते. तुमचे विमान ‘कोणीतरी खाली ओढल्यासारखे’ आदळले, हे वर्णन अगदी अचूक आहे. हवाच खाली चालली होती.

पण विमान तिथपर्यंत गेलेच का, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या पंखभाराला स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, ताशी २४-२५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि निवांत उडण्याचा वेग ३५ च्या आसपास. कड्यावर वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल, तर समोर तोंड करून उडणारे विमान जमिनीच्या संदर्भात जेमतेम ५ किलोमीटर वेगाने पुढे सरकते. तेच विमान कड्याकडे वळले की वारा त्याच्या पाठीशी येतो आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला ते ताशी ६५ किलोमीटरने सुसाट निघालेले दिसते. या क्षणी जवळजवळ प्रत्येक शिकाऊ वैमानिक घाबरून एलेव्हेटर ओढतो, म्हणजे नाक वर करतो. त्याला वाटते वेग फार झाला आहे. पण हवेतला वेग ३५ च असतो, तो ओढण्याने आणखी कमी होतो आणि विमान वळणातच स्टॉलच्या जवळ पोहोचते.

जमिनीवरचा वेग आणि हवेतला वेग यांतला हा फरक किती मोठा असू शकतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्व्हिल राइट यांनी किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकडीवर केलेले उड्डाण. सोसाट्याच्या वाऱ्यात त्यांचे ग्लायडर ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिले आणि त्यातला बराच काळ ते टेकडीवर जवळपास एकाच जागी लटकलेले होते. जमिनीवरून पाहताना ते थांबलेले होते, मात्र हवेत ते पूर्ण वेगाने उडत होते.

म्हणून पहिली शिस्त ही, की प्रत्येक वळण कड्यापासून बाहेर, वाऱ्याच्या तोंडाकडे घ्यायचे. डावीकडून उजवीकडे कड्याला समांतर जा, मग बाहेर वळून परत या. आकाशात आडवा पडलेला इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखे. कड्याकडे वळण घेणे पहिल्या दहा-पंधरा उड्डाणांत पूर्णपणे टाळा.

आणि एक आग्रहाची विनंती. पुढच्या वेळी उताराकडे जाताना विमान घरी ठेवा. दीड-दोन मीटर लांबीची काठी आणि तिच्या टोकाला बांधलेली हलकी रेशमी फीत, एवढेच बरोबर घ्या. कड्याच्या धारेवर उभे राहून फीत पाहा आणि मग एकेक पाऊल मागे सरकत जा. फितीने जे दाखवले ते येथे जरूर लिहा. उतरायची जागा त्यावरून ठरवू.

प्रतिसाद २

वाऱ्याबद्दल वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी बांधणीपुरतेच लिहितो.

गुरुत्वमध्य ७० मिलिमीटरवर म्हणजे पंखाच्या रुंदीच्या ३८ टक्क्यांवर येतो. आराखड्यातले ५५ मिलिमीटर म्हणजे ३० टक्के, आणि शेपूट असलेल्या साध्या ग्लायडरसाठी सुरुवात तिथूनच करायला हवी. एलेव्हेटरच्या स्पर्शाने उड्या मारणे, झुळूक आली की नाक वर फेकले जाणे, ही सारी शेपूट जड असल्याची लक्षणे आहेत. तुम्ही वाचवलेले ४० ग्रॅम नेमके तिथले होते जिथे त्यांची सर्वाधिक गरज होती.

हे वजन शिशाचेच असले पाहिजे असे मात्र नाही. तुमच्या रिसीव्हरला ट्रिपल-ए आकाराच्या चार निकेल-मेटल-हायड्राइड सेलची बॅटरी असेल, तर तिच्या जागी डबल-ए आकाराचे चार सेल बसवा. व्होल्टेज तेच, ४.८, राहते; नाकात ५५ ग्रॅमच्या आसपास भर पडते आणि उडण्याचा वेळ दुपटीहून अधिक होतो. मृत वजनापेक्षा कामाचे वजन केव्हाही बरे. बॅटरी नाकाच्या टोकापासून थोडी मागे बसणार असल्याने गुरुत्वमध्य पुन्हा मोजा. बोटांवर तोलण्यापेक्षा दोन पेन्सिलींच्या टोकांवर तोललेले अधिक खात्रीचे.

गुरुत्वमध्याची शेवटची परीक्षा हवेतच होते. पुरेशी उंची घ्या, कड्यापासून दूर जा, विमान निवांत वेगाला ट्रिम करा (स्टिक न हलवता ते त्याच वेगाने सरळ उडेल असे जुळवा), मग नाक ३०-४० अंश खाली करून स्टिक सोडून द्या. विमान आपणहून झपाट्याने वर उचलले गेले तर नाक जड आहे. हळुवार, लांब वळणाने सरळ झाले तर योग्य. आणि सूर आणखी तीव्र होत गेला तर शेपूट जड आहे आणि ताबडतोब उतरायला हवे. उतारावरची हवा कुठे चढती, कुठे उतरती असते, म्हणून एका प्रयोगावर विसंबू नका. तीन-चारदा करून पाहा.

आता तुटलेला जोड. दुरुस्तीपूर्वी तो भिंगाखाली पाहा. लाकडाचे तंतू फाटून एकमेकांत अडकलेले दिसत असतील तर गोंदाने आपले काम केले होते आणि आघातच मोठा होता. पण तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत असेल, त्यावर गोंदाचा काचेसारखा थर एकाच बाजूला चिकटलेला आणि दुसऱ्या बाजूचे लाकूड कोरडे असेल, तर तो जोड पहिल्या दिवसापासूनच कच्चा होता. लाकडाचे उघडे टोक इपॉक्सी शोषून घेते. म्हणून आधी पातळ थर लावून तो मुरू द्यावा आणि मग दुसरा थर लावून जोडावे. जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन फासळ्यांपर्यंत जाणारी प्लायवूडची पट्टी स्पारला चिकटवा. वरच्या आणि खालच्या स्पारच्या मधे बाल्साच्या उभ्या पट्ट्या आहेत का तेही तपासा. त्यांचे तंतू उभेच असले पाहिजेत. आडवे बसवले तर त्या पट्ट्या असूनही नसल्यासारख्या असतात. पंख वाकताना सर्वाधिक ताण मधल्या भागावर येतो, तेव्हा निदान मधल्या एक-तृतीयांश भागात तरी त्या हव्यातच.

एलेव्हेटरचा पुशरॉड (सर्व्होपासून एलेव्हेटरपर्यंत जाणारी दांडी) धडात मधे कुठे आधार न देता सोडला असेल, तर वेगात तो धनुष्यासारखा वाकतो आणि स्टिक हलवूनही एलेव्हेटर पूर्ण हलत नाही. हाताने एलेव्हेटर धरून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला स्टिक हलवायला सांगा. पुशरॉड वाकताना दिसला तर त्याला ठिकठिकाणी आधार द्या.

छेद बदलण्याची घाई नको. क्लार्क-वाय ११.७ टक्के जाड आहे, सावकाश आणि क्षमाशील उडतो, आणि सध्या तुम्हाला तेच हवे आहे. आरजी-१५ सारखा सुमारे ८.९ टक्के जाडीचा छेद वेगात कमी अडतो, पण तो दुसऱ्या विमानासाठी ठेवा.

वजनाविषयी मात्र मनातली भीती काढून टाका. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ८०० ग्रॅमचे विमान ११५० ग्रॅमचे केले, म्हणजे सुमारे १.४४ पट, तर त्याचा प्रत्येक वेग १.२ पट होतो. स्टॉलचा वेगही तेवढाच वाढतो हे खरे. पण तरंगत जाण्याचा कोन जवळजवळ तोच राहतो आणि वाऱ्याच्या तोंडावर पुढे सरकण्याची ताकद मिळते. एफ३एफ या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात उतारासमोर १०० मीटरच्या १० फेऱ्या कमीत कमी वेळात पूर्ण करायच्या असतात. तिथे पंखभाराची मर्यादा प्रति चौरस डेसिमीटर ७५ ग्रॅम आहे, आणि जोराच्या वाऱ्यात स्पर्धक मुद्दाम विमानात वजन भरतात. तुमचा पंखभार २८ आहे. पंख पक्का झाल्यावर गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली धडात एक छोटी पेटी करा, म्हणजे वाऱ्याप्रमाणे १०० ते ३०० ग्रॅम घालता-काढता येतील आणि तोल बदलणार नाही. ही पेटी घट्ट हवी. आत वजन सरकले तर सारेच व्यर्थ.

प्रतिसाद ३

थोडी भर घालते. त्या उतारावर इतर कोणी उडवत असेल, तर फेकण्यापूर्वी त्यांना सांगा आणि सर्वांनी जवळजवळ उभे राहा, म्हणजे एकमेकांचे बोलणे ऐकू येते. दोन विमाने कड्याला समांतर समोरासमोर आली, तर डोंगर ज्याच्या उजव्या हाताला आहे त्याला वाट द्यायची असते. डोंगर डाव्या हाताला असलेल्याने उजवीकडे, म्हणजे उतारापासून बाहेर, वळायचे. पहिल्याला वळायला जागाच नसते, हे त्यामागचे साधे कारण. उतरताना मोठ्याने सांगा.

प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, फेकण्याआधी ट्रान्समीटरची शक्ती कमी करून रेडिओचा पल्ला तपासा आणि स्टिक उजवीकडे केल्यावर उजवा एलेरॉन वर जातो ना, हे डोळ्यांनी पाहा. दुरुस्तीनंतर सर्व्होची जोडणी उलटी झालेली मी पाहिली आहे आणि ते विमान दोन सेकंदांत गेले. फेकताना नाक किंचित खाली ठेवून, वाऱ्याच्या तोंडावर, भाल्यासारखे सरळ आणि जोरात फेका. वर फेकण्याचा मोह आवरा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे केले, म्हणून सविस्तर लिहिते.

जोड भिंगाखाली पाहिला. वरच्या स्पारचे तंतू फाटलेले होते, पण खालच्या स्पारच्या टोकावर गोंदाचा चकचकीत थर होता आणि समोरचे लाकूड पांढरे, कोरडे होते. म्हणजे अर्धाच जोड काम करत होता. आता प्लायवूडची पट्टी घातली आहे आणि उभ्या तंतूंच्या पट्ट्याही बसवल्या आहेत. त्या पूर्वी नव्हत्याच. डबल-ए सेल बसवल्यावर थोडेसे शिसे काढूनही गुरुत्वमध्य ५५ वर आला. एकूण वजन ८४० ग्रॅम झाले.

त्यानंतर काठी आणि फीत घेऊन गेले, विमानाशिवाय. धारेवर फीत ताठ होती आणि टोक किंचित आकाशाकडे होते. पाच-सहा पावले मागे गेले तरी तसेच. दहाव्या पावलाला ती फडफडू लागली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. बाराव्या पावलाला ती काठीला लोंबकळली आणि वारा पडला असे वाटले. पण समोर धारेवरचे गवत मात्र माझ्या दिशेने वाकलेलेच होते. सोळाव्या पावलाला फीत हळूच उलटली आणि कड्याकडे उडू लागली. माझ्या पायांजवळचे गवतही कड्याकडे झुकले होते. मी बराच वेळ तिथेच उभी होते. विमान जिथे आदळले ती जागा अठराव्या पावलावर आहे.

मग धारेने डावीकडे चालत गेले. तिथे कड्याची धार संपून डोंगराचा खांदा गोलसर होत जातो. त्या गोलाईवर फीत वीस पावले मागे गेले तरी सरळच उडत राहिली, फक्त जोर थोडा कमी झाला.

गेल्या खेपेला १०० ग्रॅम वजन घालून, कड्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात विमान १४ मिनिटे उडवले. सगळी वळणे बाहेर घेतली. सूर मारण्याची परीक्षा तीनदा केली. तिन्ही वेळा विमान लांब वळणाने आपणहून सरळ झाले. उतरण्यासाठी डाव्या खांद्यावर नेले, पण तिथे वेग कमी होईना. दोन्ही एलेरॉन एकदम वर उचलून अडथळा करण्याची सोय ट्रान्समीटरवर बसवली होती, ती वापरताच नाक वर उचलले गेले, म्हणून मी ती सोडून दिली आणि तिसऱ्या प्रयत्नात तशीच गवतात उतरवली. नुकसान काही नाही. या नाक उचलण्याचे काय करावे?

प्रतिसाद १ यांचा पुढील प्रतिसाद

फितीचे निरीक्षण वाचून फार आनंद झाला. गोलसर खांद्यावर वारा जमिनीला धरून राहतो, म्हणून तिथे भोवरा तयार झाला नाही. उतरायची जागा तीच पक्की करा. मात्र वाऱ्याची दिशा बदलली की फीत पुन्हा फिरवून पाहा, कारण तोच खांदा दुसऱ्या दिशेच्या वाऱ्यात आडोशाला येऊ शकतो.

एलेरॉन वर केल्यावर नाक कुठे जाईल हे विमानागणिक बदलते, म्हणून ते जमिनीजवळ शोधायचे नसते. कड्यापुढे भरपूर उंची घ्या, एलेरॉन हळूहळू वर करा आणि नाक स्थिर राहायला एलेव्हेटर किती खाली लागतो ते पाहा. तेवढा एलेव्हेटर ट्रान्समीटरमध्ये त्या सोयीशी मिसळून टाका. तुमच्या विमानाला सुरुवात म्हणून मागच्या कडेशी २ मिलिमीटर खाली पुरेल. तिथून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने बदल करा. एलेरॉन पूर्ण वर असतानाही उजवे-डावे वळण घेता येते ना, हेही तिथेच तपासा, कारण वर उचललेल्या एलेरॉनचा वळवण्याचा जोर घटतो.

उतरताना खांद्याच्या बाहेरून, वाऱ्याच्या बाजूने, कड्याच्या पातळीपेक्षा थोडे वरून या, शेवटचे वळण वाऱ्याच्या तोंडाकडे घ्या आणि त्यानंतर नाक किंचित खालीच ठेवा. जमिनीलगत वारा मंद असतो. खाली येताना समोरचा वारा कमी झाला की हवेतला वेगही तेवढाच घटतो. गवताला पोट लागेपर्यंत तो थोडा जास्तीचा वेग हाताशी असू द्या.